सुट्टी मिळाली नाही

नवीन वर्ष लागलं की कंपनीत सुट्टीचा तक्ता बनतो. ज्यांनी फौज केली त्यांना तो वेगळा सांगायला नको. ग्राफ पेपर, बारा महिने, डावीकडे नावं आणि रंगीत पेन्सिलीने ओढलेल्या रेघा. जवानाला आणि जेसीओला वर्षाला ६० दिवस वार्षिक रजा आणि ३० दिवस कॅज्युअल. अधिकाऱ्यांना वार्षिक तेवढीच, पण कॅज्युअल २०. ऐकायला भरपूर वाटतं. गावाकडचे लोक तर म्हणतातच, "तुमचं बरंय बुवा, तीन-तीन महिने सुट्टी." पण कंपनी एकदम रिकामी करता येत नाही आणि मराठा पोरांना सगळ्यांना एकाच वेळी घरी जायचं असतं: चैत्रात गावची जत्रा, मे महिन्यात लग्नं, जूनला पेरणी, मग गणपती, मग दिवाळी. कोकणातल्या पोराला गणपती द्या, बाकी वर्षभर तो काही मागणार नाही. सातारा-सांगलीच्या पोराला जत्रा चुकली तर महिनाभर तोंड पाडून फिरतो.

प्लाटून सांभाळायला लागल्यापासून हा तक्ता बरीच वर्षं मी भरला. प्रत्येकाला विचारायचो, कधी पाहिजे आणि कशासाठी. "कशासाठी" हे लिहून घ्यायलाच पाहिजे असं नव्हतं, पण दोघांना एकच महिना हवा असला तर ठरवायला उपयोगी पडायचं. एका वर्षी ओळीने सगळ्यांनी सांगितलं: आईची तब्येत, वडिलांची तब्येत, घराचं बांधकाम, बहिणीचं लग्न, परत आईची तब्येत. बेळगावकडचा एक पोरगा उभा राहिला आणि म्हणाला, "साहेब, मला दोस्तांबरोबर मोटरसायकलवर गोव्याला जायचंय." सगळी बराक हसली. मीही हसलो. रात्री झोपताना मात्र वाटलं, आज तीसेक माणसांशी बोललो, त्यात स्वतःला काय पाहिजे ते सांगणारा हा एकटाच. बाकीच्यांच्या आया खरंच आजारी असतील, मी कुणाला खोटं म्हणत नाही. पण स्वतःसाठी काही मागायचं असेल तर त्यावर आईचं नाव घालावं लागतं, हे आपल्याला कुणी शिकवलं?

मी हे विचारतोय कारण मीही तेच केलं होतं, आणि आईच्या नावाने नाही, देशाच्या नावाने.

२००८ साली आम्ही तवांग भागात होतो. मी हवालदार होतो. त्या वर्षीच्या तक्त्यात माझी रेघ एप्रिलवर होती. चैत्रातली जत्रा होती, आणि तात्यांच्या, म्हणजे वडिलांच्या, डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन मी येईन त्या हिशोबाने ठरवलं होतं. साताऱ्याला न्यायचं, दोन दिवस थांबायचं, आणायचं. फेब्रुवारीच्या शेवटी पलटणीला दार्जिलिंगच्या हिमालयन माउंटेनियरिंग इन्स्टिट्यूटच्या बेसिक कोर्सची एक जागा आली. २८ दिवसांचा कोर्स. १९५४ साली स्थापन झालेली संस्था, तेनझिंग नोर्गे जिथे पहिले फील्ड ट्रेनिंगचे डायरेक्टर होते ती. मी भरती झाल्यापासून माझ्या मनात ते होतं. कोरेगाव तालुक्यातल्या पोराने बर्फ पाहिलेला नसतो. मी पाहिला तो पहिल्यांदा ड्यूटीवर, आणि ड्यूटीवर बर्फ म्हणजे फावडं. मला एकदा त्यावर दोर लावून चढायचं होतं, कुणी सांगितलं म्हणून नाही.

साहेबांनी विचारलं, कोण जाणार? मी हात वर केला. साहेब म्हणाले, तुझी तर सुट्टी आहे. मी म्हटलं, पुढे ढकलतो. बस, एवढंच. कुणी जबरदस्ती केली नाही, उलट दोनदा विचारलं.

आणि मग तवांगच्या बाजारातल्या बूथवरून घरी फोन लावला आणि म्हणालो, "सुट्टी मिळाली नाही."

कागदावर कोर्स ही ड्यूटीच असते, म्हणून मी स्वतःची समजूत घातली की हे काही पूर्ण खोटं नाही. तात्या म्हणाले, "असू दे. तिकडं गरज असंल." शेजारच्या पोराने त्यांना नेलं आणि आणलं. ऑपरेशन चांगलं झालं. मी त्या दिवशी युकसमवरून बाखिमला चढत होतो, पाठीवर सामान, पायात फोड, आणि आयुष्यात क्वचितच इतका खूश होतो. झोंगरीला पहाटे कांचनजंगा दिसला. चौदा हजार फुटांच्या वर चौरीखांगच्या बेस कॅम्पला पोहोचलो, दोर, जुमार, आइस अॅक्स, सगळं शिकलो. हे सगळं मला आजही आठवतं आणि आजही आनंद होतो. ते मी नाकारणार नाही. कोर्सला गेलो याचा मला पश्चात्ताप नाही.

जूनमध्ये सुट्टीवर आलो तर तात्या पारावर सांगत होते, "माझ्या डोळ्याच्या वक्ताला पोरगा आला नाही. चीनच्या बॉर्डरवर त्याच्याशिवाय भागत नव्हतं." मी गप्प उभा होतो. आमच्या गावात पहिल्या महायुद्धाची दगडी पाटी आहे, साताऱ्याकडच्या बऱ्याच गावांत आहे. या गावातून इतके गेले, त्यातले इतके मेले, १९१४-१९१९. तात्या पार सोडून त्या पाटीजवळ बसायचे. अशा गावात "देशाला गरज होती" यावर कुणी उलट प्रश्न विचारत नाही. मला तेव्हा पहिल्यांदा कळलं की आमच्या हातात किती मोठं हत्यार दिलंय, आणि ते आम्ही घरच्यांवर चालवतो.

तीन वर्षांनी मेरठला फॅमिली क्वार्टर मिळालं. सामान लावताना बायकोने सर्टिफिकेटची फ्रेम पुसली आणि वाचली. ५ एप्रिल ते २ मे २००८. ती दहावी शिकलेली आहे, पण घरातला सगळा हिशोब तिच्याकडे. जरा थांबून म्हणाली, "तात्यांचं ऑपरेशन १५ एप्रिलला होतं ना हो?" मी म्हटलं, हो. मग म्हणाली, "मला डोंगरावर जायचंय असं सांगितलं असतं तर मी नको म्हटलं असतं का?" मी उत्तर दिलं नाही. खरं उत्तर असं होतं की तिने कदाचित नको म्हटलं असतं, निदान दोन दिवस भांडली असती. आणि ते भांडण मला टाळायचं होतं. मी गेलो याचा तिला राग नव्हता. तिला ठरवायलाच दिलं नाही, याचा होता.

आता याच्या उलट गोष्ट सांगतो. १३ डिसेंबर २००१ ला संसदेवर हल्ला झाला आणि पुढे ऑपरेशन पराक्रम सुरू झालं. आम्ही राजस्थानात सीमेवर गेलो. सुट्टीवर गेलेल्यांना परत बोलावलं, ठरलेल्या रेघा पुसल्या. ऑक्टोबर २००२ पर्यंत, जवळजवळ दहा महिने, सगळी फौज तशी बसून होती. माझी थोरली मुलगी त्या काळात झाली. मी तिला पाहिलं तेव्हा ती पाच महिन्यांची होती आणि मला बघून रडली. एवढी मोठी गोष्ट चुकली, पण आजपर्यंत घरात कुणी एकदाही त्यावरून बोललेलं नाही. बायको नाही, सासूबाई नाहीत, मुलगीसुद्धा नाही. मुलगी तर कॉलेजात मैत्रिणींना कौतुकाने सांगायची. आणि २००८ चे २८ दिवस मात्र अजून मधूनच डोकं वर काढतात.

म्हणून मला वाटतं की आम्ही फौजी लोक कर्तव्य आणि घर यांच्या ओढाताणीबद्दल जे बोलतो, ते बरंचसं चुकीच्या जागी बोलतो. पराक्रमच्या दहा महिन्यांत मला एकदाही काही ठरवावं लागलं नाही. हुकूम होता, संपलं. अवघड असतात ते बाकीचे दिवस, जेव्हा हुकूम नसतो आणि निवड आपली असते. त्या निवडीला आम्ही हुकमाचा गणवेश चढवतो.

देहरादूनच्या इंडियन मिलिटरी अकॅडमीत १९३२ साली चेटवुड साहेबांनी जे सांगितलं, ते आज कुठल्याही युनिटच्या भिंतीवर सापडेल. थोडक्यात असं की आधी देश, मग तुमच्या हाताखालची माणसं, आणि स्वतःचं सुख सगळ्यात शेवटी, कायम. मी जेसीओ माणूस, ते शब्द अधिकाऱ्यांसाठी होते, पण आम्हीही त्यावरच वाढलो आणि माझी त्याबद्दल कुठलीही तक्रार नाही. ज्या सीओ साहेबांनी ते खरोखर पाळलं त्यांच्यामागे आम्ही कुठेही गेलो असतो. पण ती पाटी हजारदा वाचल्यावर एकदा माझ्या लक्षात आलं की त्यात घर नाहीच. देश आहे, जवान आहेत, स्वतः आहे. बायको-पोरं कुठल्या ओळीत घालायची? बहुतेक जण ती तिसऱ्या ओळीत घालतात, स्वतःच्या सुखाच्या खात्यात. म्हणजे मुलाच्या शाळेच्या मीटिंगला जाणं ही आपली चैन झाली, आणि ती सोडली की त्याग. त्याग कुणाचा झाला? मीटिंगला तर बायको गेली, आणि वर्गात बाप का आला नाही हे पोराला विचारलं गेलं.

लढाईसाठी तो क्रम बरोबर आहे. पण पीस स्टेशनातल्या मंगळवारी संध्याकाळी सहा वाजता कसली लढाई? मेरठला माझ्या ओळखीचे असे किती तरी जण होते, मीही त्यात, की ज्यांना क्वार्टर मिळायला वर्षानुवर्षं वाट बघावी लागली, आणि मिळाल्यावर ते व्हॉलीबॉल ग्राउंडवर नाहीतर कंपनी ऑफिसात आठपर्यंत बसायचे. घरी विचारलं की एकच शब्द, ड्यूटी. क्वार्टरमधल्या बायकांना मात्र ग्राउंडवरचा आरडाओरडा स्पष्ट ऐकू यायचा.

आता दुसरी बाजू, कारण दोष फक्त आमचा नाही. फौजी सुट्टीवर आला की तो सगळ्या गावाचा होतो. एका वर्षी मी डायरीत लिहून ठेवलं होतं. ३५ दिवसांच्या सुट्टीत ९ लग्नं, सातबाऱ्याच्या कामासाठी ६ फेऱ्या, भावकीच्या बांधाच्या भांडणात ४ दिवस, भरतीला जाणाऱ्या पोरांना पळवायला रोज पहाट. कॅन्टीनच्या बाटल्या वाटण्यात किती गेले ते लिहिलं नव्हतं. धाकट्या मुलाबरोबर पूर्ण दिवस घालवला असे दिवस दोन. दोन! त्यातला एक पाऊस होता म्हणून. लग्नाला गेलो नसतो तर काय झालं असतं? नाराज झाले असते. पुढच्या लग्नाला परत बोलावलं असतं. हे कळायला मला वीस वर्षं लागली.

समतोल ठेवा असं लोक सांगतात. मला तो शब्द पटत नाही. समतोल दहा ते सहाच्या नोकरीत होतो, रोज थोडं याला, थोडं त्याला. आमचे दिवस तसे येत नाहीत. दहा महिने काहीच नाही आणि मग एकदम दोन महिने. तवांगहून वडिलांना रोज अर्धा तास देता येत नाही.

आमचं गाव धोमच्या कालव्यावर आहे. ज्यांची शेती पाटाच्या पाण्यावर आहे त्यांना शेजपाळी माहीत असेल. पाणी सगळ्यांना एकदम थोडं थोडं सोडत नाहीत, तसं केलं तर ते कुणाच्याच शेतात पोहोचत नाही, पाटातच मुरतं. एकाची पाळी आली की त्याला पूर्ण पाणी, मग पुढच्याला. आणि नियम असा की टेलच्या शेतकऱ्यापासून सुरुवात करायची. हेडच्या माणसाची काळजी करायला लागत नाही, पाणी त्याच्या दारातूनच जातं, तो रात्री दगड सरकवून घेतोच. शेवटच्या माणसाला आधी नाही दिलं तर त्याला कधीच मिळत नाही. पाटकरी पक्का नसला की हे बिघडतं, हेही सगळ्यांना माहीत आहे.

सुट्टीचं मला तसंच वाटतं. हेडला कोण असतं? जो मोठ्याने बोलतो तो. भावकी, मेहुणे, गावचे पुढारी, मित्र. माझी हौससुद्धा हेडलाच होती, कारण ती माझ्याच हातात होती. टेलला कोण? म्हातारा बाप, जो "असू दे" म्हणतो. बायको, जी फोनवर "सगळं ठीक आहे" म्हणते. पोरगं, ज्याला मागायचं कसं तेच कळत नाही. नोकरीच्या शेवटच्या सात-आठ वर्षांत मी एवढंच बदललं. सुट्टीचे पहिले आठ दिवस घरचे, फोन बंद. त्यानंतर म्हातारी माणसं. त्यानंतर गाव, जेवढं उरेल तेवढं. आणि वर्षातून चार-पाच दिवस माझे, उघडपणे, तसं सांगून. एकदा हरिश्चंद्रगड केला, एकदा राजगड ते तोरणा. बायकोला सांगितलं, मला जायचंय. ती पहिल्यांदा म्हणाली, "आताच आलाय ना?" मग भाकरी बांधून दिली. भावकीतले दोघे तिघे अजून नीट बोलत नाहीत.

पाटकऱ्यालाही एक शेत असतं, आणि त्याची पाळी कागदावर लिहिलेली बरी, नाहीतर तो रात्री चोरतो.

काही जुने लोक म्हणतील, सुभेदार साहेब, तुम्ही पोरांना घराकडे वळवताय, मग सीमेवर राहणार कोण? मी २८ वर्षं राहिलोय. माझा अनुभव उलटा आहे. ज्याचं घरी सरळ बोलणं आहे तो पोस्टवर शांत असतो. ज्याने घरी खोटं सांगितलंय तो दर फोनला बाहेर जाऊन बोलतो. प्लाटूनमधल्या कुणाचं काय चाललंय हे त्याच्या फोनवर बोलण्याच्या जागेवरून मला कळायचं.

एक हिशोब मात्र मला अजून नीट सुटलेला नाही, तोही सांगून टाकतो. न घेतलेली वार्षिक रजा वर्षाला ३० दिवसांपर्यंत साठवता येते, एकूण ३०० दिवस, आणि निवृत्तीला त्याचे पैसे मिळतात. मीही बऱ्यापैकी साठवली. त्या पैशात घराचा वरचा मजला झाला. तेव्हा ते घरासाठीच करतोय असं वाटायचं, बायकोलाही मान्य होतं, तिनेच विटा मोजून घेतल्या. आज वर दोन खोल्या आहेत. मुलगी पुण्याला, मुलगा शिकायला बाहेर. गच्चीवर जाताना कधी कधी मनात येतं, यातली कुठली भिंत कुठल्या दिवाळीची. पण पैसा लागत होता हेही खोटं नाही. ज्यांच्याकडे बागायत आहे त्यांनी यावर फार बोलू नये.

तात्या २०१३ साली गेले. दार्जिलिंगचं मी त्यांना कधी सांगितलं नाही. बायको एकदा म्हणाली होती, सांगून टाका, ते हसतील. मला धीर झाला नाही. पारावरची ती गोष्ट ते शेवटपर्यंत सांगत होते, आणि दर वेळी चीनची फौज थोडी वाढत होती.

माझा भाचा सध्या फौजेत आहे, कुठे ते लिहीत नाही. मागच्या महिन्यात बहिणीचा गुडघा दाखवायला न्यायचा होता आणि तो येणार होता. त्याचा फोन आला, "मामा, आईला जरा तुम्हीच घेऊन जा. सुट्टी मिळाली नाही."

मी विचारलं, "मिळाली नाही की मागितली नाही?"

बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "बॉक्सिंगची टीम निवडतायत, मामा. यंदा माझा चान्स आहे."

"मग खेळ की. गुडघ्याला मी नेतो. पण आईला हेच सांग, जसं मला सांगितलंस."

"ती रडेल."

"रडू दे."

सांगतो म्हणाला. बहिणीला दवाखान्यात नेलं, गुडघ्याला पट्टा दिलाय, जिने चढू नका म्हणालेत. गाडीत ती खिडकीबाहेर बघत होती. पोराने तिला काय सांगितलं, हे मी विचारलं नाही.